हार्ड डिस्क बिघडू लागली असता
(शाळेच्या दप्तराच्या रक्षणासंबंधी प्राथमिक शिक्षकांसाठी पाठ)

शाळेची भिंत पडली तर ती पुन्हा बांधता येते. फळा मोडला तर नवा मिळतो. परंतु विद्यार्थ्याच्या जन्मतारखेची, प्रवेशाची आणि प्रगतीची नोंद एकदा नाहीशी झाली, की ती तशीच्या तशी पुन्हा निर्माण करणे कोणाच्याही हाती राहत नाही. म्हणूनच प्राथमिक शिक्षकाच्या कर्तव्यांत अध्यापनाच्या खालोखाल दप्तररक्षणास मान आहे.

ह्या कर्तव्याचे मोल सातारकरांस वेगळे सांगावयास नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर ह्या नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ ह्या क्रमांकापुढे ती नोंद आहे. तोच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास ज्ञात झाला. त्या प्रवेशाच्या स्मरणार्थ ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली घेतला. नोंद लिहिणाऱ्यास तिचे भावी महत्त्व ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इतर मुलांची नावे लिहिली तसेच हेही लिहिले गेले आणि पुढे आलेल्यांनी ते दप्तर जपले. कोणत्या मुलाची नोंद पुढे कामास येईल हे आधी कळत नाही. सबब सर्वच नोंदी जपाव्या लागतात.

१. दप्तराचे बदललेले रूप

आज जनरल रजिस्टर कागदावर असले तरी दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. निकालपत्रके, विद्यार्थ्यांचे फोटो, पोषण आहाराचे हिशोब, शिष्यवृत्तीच्या याद्या, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव, जुन्या रजिस्टरांच्या स्कॅन केलेल्या प्रती, शिवाय शिक्षकाने वर्षानुवर्षे तयार केलेले पाठ व चाचण्या हे सारे पुष्कळ शाळांत एकाच लॅपटॉपमध्ये असते. हा लॅपटॉप कधी लोकवर्गणीतून आलेला असतो, कधी शिक्षकाच्या स्वतःच्या पैशाचा असतो.

'सरल' प्रणाली २०१५ साली सुरू झाली व त्यानंतर युडायस प्लसही आले. तेव्हा सर्व माहिती वर पोहोचलीच आहे, असा एक समज आढळतो. तो अपुरा आहे. त्या प्रणाली जे विचारतात तेवढेच त्यांच्यापाशी साठते. मुलाचा तिसरीतला हस्ताक्षराचा नमुना, सहलीचा फोटो, पालकाने दिलेल्या अर्जाची प्रत ह्या गोष्टी त्या विचारत नाहीत.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या परिसरात दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात. माण, जत, आटपाडी ह्या कोरडवाहू भागांतून कुटुंबे बाहेरही जातात. अशा मुलाने ह्या शाळेत चार महिने केलेला अभ्यास फक्त ह्या शाळेच्या लॅपटॉपवर नोंदलेला असू शकतो. हंगाम संपला की कुटुंब निघून जाते. मग ती नोंद हरवली तर ती पुन्हा भरून देण्यास पालक जवळ नसतात आणि नव्या गावचे गुरुजी त्या मुलास कोरे समजून पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करतात. यंत्रातील बिघाडाचा भुर्दंड अशा रीतीने मुलाच्या माथी बसतो.

२. हार्ड डिस्कची रचना

लक्षणे समजण्यासाठी रचना समजणे अवश्य आहे. संगणकास जोडलेली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली पुढे आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या साध्या लॅपटॉपमधील तळहाताएवढ्या डिस्कमध्ये तिच्या लाखपट मजकूर मावतो. परंतु मूळ तत्त्व तेच आहे.

डबीच्या आत ॲल्युमिनियमची वा काचेची एक किंवा अधिक गुळगुळीत तबकडी असून तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटास ५४०० वेळा, म्हणजे सेकंदास ९० वेळा फिरते. तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर भरतो. त्या फिरत्या पृष्ठभागावर एका लहानशा दांडीच्या टोकाशी असलेले वाचनमुख हवेच्या थरावर तरंगत राहते. मुख व तबकडी ह्यांमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर असते. ह्यावरून लक्षात येईल, की चालू डिस्कला बसलेला एक लहानसा धक्काही मुखास तबकडीवर आपटण्यास पुरेसा होतो. असा आघात झाला की थर खरवडला जातो, त्याची धूळ आत उडते आणि ती धूळ पुढील आघातास कारण होते. बिघाड एकदा सुरू झाला की तो वाढत जातो, त्याचे कारण हेच.

तबकडीवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. एखादा खण खराब झाला तर डिस्क त्याऐवजी राखीव खण वापरते. शिक्षकास ह्याचा पत्ताही लागत नाही. परंतु राखीव खण मर्यादित असतात.

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तीत हलणारा भाग नसतो. मजकूर चिपमध्ये विद्युत्‌भाराच्या रूपाने साठतो. धक्क्याचे भय तिला कमी. पण ती बिघडते तेव्हा आवाज करीत नाही आणि पुष्कळदा पूर्वसूचनाही देत नाही. तसेच विजेविना फार दीर्घकाळ कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील मजकूर क्षीण होऊ शकतो. तेव्हा एसएसडी असलेल्याने निश्चिंत राहावे, असा अर्थ कोणी घेऊ नये.

३. बिघाडाची लक्षणे

पुढील चिन्हांपैकी एकही आढळले तरी सावध व्हावे.

(अ) एरवी चटकन उघडणारी फाईल उघडण्यास मिनिटे लागतात आणि त्या वेळी संपूर्ण यंत्र थिजल्यासारखे होते.
(आ) फाईल दिसते पण उघडत नाही. फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसतो. फोल्डरचे नाव विचित्र अक्षरांत बदललेले आढळते.
(इ) लॅपटॉप सुरू होताना स्वतःहून डिस्क तपासू लागतो, किंवा डिस्क सापडत नाही असा संदेश देतो व दुसऱ्या प्रयत्नात सुरू होतो.
(ई) टक्-टक् असा ठरावीक अंतराने येणारा आवाज, घरघर किंवा खरवडल्यासारखा आवाज ऐकू येतो. हे सर्वांत गंभीर चिन्ह होय.

ह्याशिवाय डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्या व्यवस्थेस 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या विनामूल्य प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात ०५, सी५ व सी६ ह्या तीन ओळी पाहाव्यात. पहिली ओळ बदललेल्या खणांची, दुसरी शंकास्पद खणांची आणि तिसरी वाचता न येणाऱ्या खणांची संख्या सांगते. ह्या संख्या शून्य असाव्यात. त्या शून्य नसतील आणि दर आठवड्यास वाढत असतील, तर डिस्कचा शेवट जवळ आला असे समजून चालावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बिघडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांस दिसले. परंतु त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत महत्त्वाच्या चार चिन्हांपैकी एकही चिन्ह आधी उमटले नव्हते. तात्पर्य, लक्षण दिसले तर ते खरे मानावे. लक्षण दिसत नाही म्हणून डिस्क निरोगी मानू नये.

४. प्रथम काय करू नये

डिस्क बिघडू लागली की मनुष्याचा पहिला विचार ती दुरुस्त करण्याचा असतो. येथेच मोठी चूक घडते. खराब झालेली तबकडी कोणत्याही प्रोग्रॅमने दुरुस्त होत नाही. तिच्यात जे थोडे आयुष्य उरले आहे ते कशावर खर्च करावयाचे, एवढेच शिक्षकाच्या हाती असते. ते सर्व आयुष्य मजकूर उतरवून घेण्यावर खर्च करावे. ह्या पाठाचे सार एवढेच आहे.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा देऊ नये. ती तासन्‌तास तबकडी फिरवते आणि मोडक्या नोंदी आपल्या मते 'नीट' करताना उरलेला मजकूरही हलविते. डीफ्रॅगमेंट करू नये. जागा मोकळी करण्यासाठी फाईली पुसू नयेत. नवा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर भरू नये. फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर 'आधी मजकूर, मग यंत्र' असे निक्षून सांगावे. डिस्कवर टिचकी मारणे, ती शीतकपाटात ठेवणे, स्क्रू काढून झाकण उघडणे हे उपाय ऐकिवात असतात. ते सर्व घातक आहेत. वर्गातील हवेत उघडलेल्या तबकडीवर धुळीचा एक कण बसला, तरी मुखाच्या दृष्टीने तो वाटेतला धोंडा ठरतो.

५. उतरवून घेण्याचा क्रम

घरास आग लागली असता शहाणा मनुष्य प्रथम मुलांस बाहेर काढतो, मग कागदपत्रे आणि शेवटी भांडीकुंडी. तद्वतच येथेही क्रम ठरवावा. क्रम ठरविण्याची कसोटी एकच: ही वस्तू दुसरीकडे कोठे आहे काय?

पहिल्या क्रमात इतरत्र नसलेल्या लहान फाईली घ्याव्यात: निकालपत्रके, विद्यार्थ्यांच्या याद्या, हिशोब, ठराव, दाखल्यांच्या प्रती. दुसऱ्या क्रमात स्कॅन केलेली रजिस्टरे व शाळेचे फोटो घ्यावेत. तिसऱ्या क्रमात शिक्षकाने स्वतः केलेले पाठ व ध्वनिमुद्रणे येतात. इंटरनेटवरून उतरविलेली गाणी, चित्रफिती, पाठ्यपुस्तकांच्या प्रती आणि विंडोज ह्यांस शेवटचा क्रम द्यावा, किंवा ती सोडूनच द्यावीत. ती पुन्हा मिळतात.

ह्या क्रमाचे महत्त्व एका साध्या गणिताने पटेल. समजा, पेनड्राइव्हवर सेकंदास २० मेगाबाइट वेगाने मजकूर उतरतो. पहिल्या क्रमाच्या फाईली २ गिगाबाइट असतील, तर त्यांस १०० सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून कमी वेळ लागेल. संपूर्ण ५०० गिगाबाइटची डिस्क उतरवावयाची म्हटले तर २५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ७ तास लागतील. मरणोन्मुख डिस्क दोन मिनिटे टिकण्याचा संभव पुष्कळ आहे. सात तास टिकेल असे कोण सांगू शकेल? शिवाय खराब खणांपाशी हा वेग कितीतरी मंदावतो.

६. उतरवून घेण्याची रीत

लॅपटॉप टणक व सपाट टेबलावर ठेवावा. गादीवर किंवा मांडीवर ठेवू नये. चार्जर जोडलेला असावा, म्हणजे भारनियमनात मध्येच यंत्र बंद पडणार नाही. इंटरनेट तोडावे, म्हणजे विंडोजची सुधारणा ह्याच वेळी सुरू होणार नाही. त्यानंतर पेनड्राइव्ह वा बाहेरची डिस्क जोडून एका वेळी एकच लहान फोल्डर उतरवावे. एखाद्या फाईलपाशी काम अडले तर ती वगळून पुढे जावे व तिचे नाव कागदावर टिपून ठेवावे. अडलेल्या फाईलशी हट्ट करीत बसल्यास निरोगी फाईलीही हातच्या जातात.

विंडोज सुरूच होत नसेल तरी निराश होऊ नये. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालविता येते. तीत लॅपटॉपच्या डिस्कवर काही न लिहिता केवळ वाचता येते. तंत्रस्नेही शिक्षकाने असा एक पेनड्राइव्ह केंद्रशाळेत तयार ठेवल्यास साऱ्या केंद्राची सोय होईल. ह्याच प्रणालीवर डीडीरेस्क्यू नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम चालतो. त्याची युक्ती शिकण्यासारखी आहे. तो प्रथम चांगले खण भराभर वाचून घेतो, अवघड भाग सोडून देतो, आणि कोठे काय राहिले ह्याचा नकाशा लिहून ठेवतो. सोपे सर्व हाती आल्यावर मगच तो अवघड भागाकडे वळतो. परीक्षेत आधी येणारे प्रश्न सोडवावेत, असे शिक्षक मुलांस सांगतात, तीच ही रीत होय. मात्र अशी पूर्ण प्रत घेण्यासाठी तितक्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी डिस्क लागते आणि कोणती डिस्क जुनी व कोणती नवी हे दोनदा तपासून पाहावे लागते. त्यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत दप्तरावर उमटेल.

नव्या लॅपटॉपांत डिस्क पुष्कळदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली हाताशी नसेल, तर दुसऱ्या यंत्रास जोडलेली सुस्थितीतील डिस्कही वाचता येत नाही. ही किल्ली आजच, यंत्र नीट चालत असतानाच, कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावी.

उतरविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याविना काम पुरे झाले असे मानू नये. फाईलीचे नाव आले म्हणजे मजकूर आला असे नव्हे. प्रत्येक फोल्डरातील चार-सहा फाईली उघडून पाहाव्यात आणि फाईलींची संख्या ताडून पाहावी.

७. डिस्क टक्-टक् करीत असेल किंवा भिजली असेल तर

ठरावीक आवाज येत असेल, अगर डिस्क संगणकास दिसतच नसेल, तर यंत्र त्वरित बंद करावे आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात मुख तबकडीला घासत असते. अशी डिस्क निर्धूळ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच उघडता येते. हे काम खर्चाचे असते. म्हणून आधी विचार करावा, की तीत खरोखर असे काय आहे जे कागदी रजिस्टर, पंचायत समिती, सहकारी शिक्षक किंवा पाठविलेले ईमेल ह्यांतून परत मिळणार नाही. पुष्कळदा ह्या शोधातच निम्मे दप्तर जुळून येते.

कृष्णा-वारणाकाठच्या शाळांस पुराचा अनुभव नवा नाही. सांगलीस इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पुरात भिजलेला लॅपटॉप वाळला असे वाटले तरी सुरू करू नये. उन्हात ठेवून किंवा गरम हवा देऊन डिस्क वाळविण्याचा प्रयत्नही करू नये, कारण आत शिरलेला गाळ तबकडीवर वाळून बसतो. ती तशीच ओलसर, पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे पोहोचवावी.

८. तीन प्रतींचा नियम

आतापर्यंत संकटाचा विचार झाला. परंतु ज्याच्यापाशी प्रत आहे त्याला डिस्कचे बिघडणे हे संकट वाटत नाही, केवळ खर्च वाटतो. प्रतींविषयी जगभर मान्य झालेला नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी.

एकशिक्षकी शाळेसही हा नियम पाळता येतो. पहिली प्रत लॅपटॉपमध्ये. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ही डिस्क प्रत घेताना तेवढी जोडावी व लगेच काढून ठेवावी, म्हणजे वीज कोसळली किंवा व्हायरस शिरला तरी ती सुरक्षित राहील. तिसरी प्रत गावाबाहेर, म्हणजे शाळेच्या नावाने उघडलेल्या ऑनलाइन साठ्यात किंवा पासवर्ड लावून केंद्रशाळेच्या कपाटात. २०१९ च्या पुराचा धडा हाच, की लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि रजिस्टर एकाच कपाटात असतील, तर ती तीन साधने असूनही प्रत एकच समजावी लागते. पूरग्रस्त गावांनी तिसरी प्रत उंचावरच्या गावी ठेवावी.

हा विचार ह्या भूमीला परका नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. त्यात कागद, शाई व लेखणी ह्यांविषयी बारकाईने सांगितले असून, तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी तेच वाचता येऊ नये, असाही आशय आहे. लिहिणाऱ्याने पुढच्या काळातील वाचणाऱ्याचा विचार करावा, हे त्यातील मर्म. आजच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की महत्त्वाचे कागद पीडीएफसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या रूपातही ठेवावेत. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. आणि वर्षाअखेरीचे निकालपत्रक छापून, सही-शिक्क्यानिशी फाईलीस लावावे. कागद हेही एक निराळे साधनच आहे. सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' ह्या नावाने ओळखला जाई; त्या काळातील कागद आजही डोळ्यांनी वाचता येतो, त्यास यंत्र लागत नाही.

प्रत केव्हा घ्यावी? दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे ह्या कामास द्यावीत आणि तारीख एका वहीत लिहावी. डिस्क चार-पाच वर्षांची झाली की तिच्यावरील भरवसा कमी करावा. लॅपटॉप मोटारसायकलवरून नेताना झाकण मिटून भागत नाही. तो पूर्ण बंद करूनच पिशवीत घालावा. माण-खटाव, जत-आटपाडीकडील धूळ व ऊन आणि पाटण, जावळी, शिराळ्याकडील पावसाळी ओल ही दोन्ही यंत्राची शत्रू आहेत, हे ध्यानात ठेवावे.

बदलीच्या वेळी दप्तराची दुर्दशा अधिक होते. कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत प्रतींची संख्या, त्या कोठे आहेत, शाळेच्या खात्याचे नाव, पासवर्ड व बिटलॉकरची किल्ली ह्यांचा उल्लेख असावा. लॅपटॉप शिक्षकाचा खाजगी असला तरी त्यातील दप्तर शाळेचे व मुलांचे आहे.

९. जुन्या डिस्कची विल्हेवाट

नवी डिस्क बसवून मजकूर परत भरल्यानंतर जुनी डिस्क भंगारात देऊन मोकळे होऊ नये. पुसलेला किंवा फॉरमॅट केलेला मजकूरही पुष्कळदा परत काढता येतो. तीत मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती व पत्ते असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला असून बालकांच्या माहितीबाबत त्यात विशेष तरतूद आहे. डिस्क शाळेच्या मालकीची असल्यास जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंदीप्रमाणे रीतसर निर्लेखनाची मंजुरी घ्यावी, मंजुरीनंतर जाणकाराकडून तबकड्यांस आरपार छिद्रे पाडून घ्यावीत व मग ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रास द्यावी. हमीच्या मुदतीत डिस्क बदलून घेताना जुनी डिस्क परत मिळेल काय, हे आधी विचारावे.

१०. केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावयाची तालीम

प्रत आहे असे सांगणे वेगळे आणि प्रतीतून नोंद काढून दाखविणे वेगळे. पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपली दुसरी प्रत आणावी. केंद्रप्रमुखांनी कोणतेही एक मागील वर्ष व एक इयत्ता सांगावी. त्या वर्गाचे निकालपत्रक दहा मिनिटांत दुसऱ्याच संगणकावर उघडून दाखवावे. ज्यांस ते जमेल त्यांचे दप्तर सुरक्षित आहे. ज्यांस जमणार नाही त्यांस उणीव वेळीच कळेल, आणि त्या वेळी डिस्क अजून चालू असेल.

स्वाध्याय

१. बिघडू लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम का चालवू नये? तबकडीच्या रचनेच्या आधारे उत्तर लिहा.
२. आपल्या शाळेच्या लॅपटॉपमधील फोल्डरांची यादी करा व पाठात सांगितलेल्या कसोटीने त्यांचा क्रम लावा.
३. पहिल्या क्रमाचा मजकूर ३ गिगाबाइट असून वेग सेकंदास १५ मेगाबाइट आहे. तो उतरण्यास किती वेळ लागेल? खराब खणांमुळे वेग दशांशावर आला तर किती लागेल?
४. आपले गाव पूररेषेत असल्यास तिसरी प्रत कोठे ठेवाल? पूररेषेबाहेर असल्यास शेजारच्या कोणत्या शाळेची प्रत आपण सांभाळू शकाल?
५. आपल्या शाळेतून ह्या वर्षी हंगामी स्थलांतरामुळे गेलेल्या मुलांच्या नोंदी किती ठिकाणी आहेत ते पाहा. एकाच ठिकाणी असल्यास आजच दुसरी प्रत करा.